साडेसात मिनिटं

मुहर्रकच्या एका बोळात, शॉर्माच्या दुकानावर माझा स्टुडिओ.
दिवसा फ्रोझन कोंबडीच्या जाहिरातींना चाली लावतो,
रात्री रेकॉर्डिंगला एसी बंद करून घामात बसतो.

फिनूला मॅकार्डल रिफाच्या शाळेत इतिहास शिकवते.
म्हणाली, मुलांचं नाटक आहे, आयर्लंडवर.
पाच प्रवेश, प्रत्येकी दीड मिनिट संगीत.
पाच हजार वर्षं, साडेसात मिनिटं.
मी आधी पैसे सांगितले,
मग नकाशात आयर्लंड शोधलं.

पहिला प्रवेश: दगडांचं थडगं.
वर्षातल्या सगळ्यांत लहान दिवसांत
उगवतीचं ऊन आतल्या खोलीपर्यंत सरपटत जातं.
तेव्हा काय वाजत असेल, कोणाला ठाऊक?
"कोणालाच नाही. म्हणून चूकही नाही."
मी शंख फुंकला, मशीनवर उलटा फिरवला.
कुठला शंख, तिनं विचारलं.
देव्हाऱ्यातला, म्हटलं.
ती ओशाळली. मी नाही.

दुसरा: मठातले साधू, वासराच्या कातड्यावर अक्षरं.
सूर नकोच. नुसती बोरूची करकर,
आणि शाईचा थेंब पडल्याचा आवाज,
जो होतच नाही,
तो टिचकीनं केला.

तिसऱ्यात समुद्रावरून लुटारू येतात.
तिचा ढोल बकऱ्याच्या कातड्याचा,
इथल्या दमट हवेत सादळलेल्या पापडासारखा.
खाली नेऊन शॉर्माच्या शेगडीवर धरला,
होळीपाशी डफ शेकतात तसा.
लुटारू आले ते लसणीचा वास घेऊन.

चौथ्यापाशी अडलो.
बटाटा जमिनीतच कुजला ती सालं.
मी व्हायोलिन लावलं, कोमल गंधार, कोमल धैवत,
मींड अशी की माझेच डोळे भरले.
फिनूला म्हणाली, "फार गोड आहे.
पोटात काही नसलेलं माणूस
इतका वेळ रडू शकत नाही."
आणि वर हेही, की त्याच वर्षांत बंदरातून
धान्याच्या भरल्या गोण्या बाहेर जात होत्या.
गोणीला सूर कुठला द्यायचा?
पुसून टाकलं सगळं.

आठ दिवस काही नाही.
मग घरमालक बू राशिद जिना चढून आला, भाड्यासाठी.
याचा आजा मोत्यांच्या गलबतावर गाणारा.
भाड्याचा विषय टाळायला म्हटलं, ऐकवा ना काही.
तो गायला नाही.
मान खाली घालून घुमत राहिला,
खर्जाच्याही खाली, छातीच्या तळघरातून.
हे कोण गातं, विचारलं.
"सगळे. वर एकटा गातो.
बाकीचे समुद्र होतात."
मी वरचा एकटा घेतलाच नाही.
दीड मिनिट, फक्त बाकीचे.

फिनूलानं हेडफोन काढला, बाहीनं पुसला.
बऱ्याच वेळानं विचारलं,
"भाडं दिलंस का त्याला?"

पाचवा: अमेरिकेला निघालेला पोरगा.
आदल्या रात्री शेजारपाजार जमून जागतो,
मयताच्या घरी जागावं तसा;
मयत मात्र समोर बसून चहा पितोय.
तिकडे एक वाद्य असतं, कोपरानं भाता दाबायचं.
माझ्याकडे पेटी.
एकही पट्टी न दाबता नुसता भाता हलवला,
आत कोणीतरी झोपल्यासारखा श्वास.
आणि कशी कोण जाणे, जिभेवर आंबट चव आली.
देवरुखचा स्टँड, पहाटेचे चार,
आईनं हातावर घातलेलं दही.
चमचा नव्हता. चाटलं, पँटला हात पुसला,
गाडीत चढलो.
वीस वर्षं झाली. हे फिनूलाला सांगितलं नाही,
बिलातही लावलं नाही.

नाटकात अमेरिकेला जाणारी पोरं
केरळची, लेबननची, मनिलाची.
रडायचा प्रवेश होता,
पण ती ट्रॉलीबॅगा ओढत सराईतासारखी निघाली,
एकानं तर खिशात पासपोर्ट चाचपला.

घरी येऊन सगळं पुन्हा मोजलं.
सात मिनिटं वीस सेकंद भरली.
दहा सेकंद कुठल्या शतकातून गळाले
ते अजून सापडलेलं नाही.